मंदीत धंदा बुडतो कशाने?

भोर तालुक्यातल्या भोंगवलीहून नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि शिरवळची औद्योगिक वसाहत. उत्तरेला महामार्गाने पुणे. कारखान्यांतली एक पाळी बंद झाली, तरी त्याची झळ किराणा दुकानदारापासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळ्यांना बसते. अशा वेळी पारावर फुकट मिळणारे काही सल्ले महागात पडतात.

‘खर्च छाटा, माणसे कमी करा आणि मंदी सरेपर्यंत दम धरा’ हा त्यांतला पहिला. तो अर्धाच खरा आहे. 2000-01 मध्ये टेल्कोला, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेल्या कंपनीला, सुमारे 500 कोटी रुपयांचा तोटा झाला. ट्रकची मागणी कोसळली होती. कंपनीने खर्चाला कठोर कात्री लावली आणि 2002-03 मध्ये ती सुमारे 300 कोटींच्या नफ्यात आली. पण एवढे करून ती थांबली नाही. त्याच पडत्या काळाने तिला शिकवले, की मोठ्या ट्रकवरच विसंबून राहणे धोक्याचे आहे. कंपनीतल्या गिरीश वाघ यांच्या चमूने तीनचाकी मालवाहू रिक्षा चालवणाऱ्यांना गाठले. त्यांना नेमके काय हवे, ते विचारले. स्वस्त आणि दणकट गाडी तर हवीच होती, शिवाय चार चाकांमुळे चारचौघांत मिळणारा मानही हवा होता. मे 2005 मध्ये दोन सिलिंडरची ‘टाटा एस’ बाजारात आली. भोरच्या रस्त्यांवर भाजीपाला आणि दूध वाहणारा ‘छोटा हत्ती’ तो हाच. नुसती काटछाट करून ही गाडी जन्माला आली नसती.

‘ज्या मालाने नाव दिले, तोच माल तारेल’ हाही भ्रमच. बजाज ऑटोची स्कूटर घराघरांत होती, पण गिऱ्हाईक मोटारसायकलकडे वळले. 2001 मध्ये कंपनीने ‘पल्सर’ आणली आणि पुन्हा उभारी धरली. त्याची किंमत मात्र कामगारांनीही मोजली. अनेकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि 2007 मध्ये आकुर्डीतले उत्पादन थांबले. उभारीच्या कथा सांगताना ही बाजू झाकणे बरोबर नाही.

सगळ्यात घातक समज वेगळाच: तोटा झाला म्हणजे धंदा संपला. छोटा धंदा बहुतेक वेळा आधी रोकडीवाचून गुदमरतो. समजा, लेथवर जॉबवर्क करणाऱ्याच्या वहीत नफा दिसतो आहे, पण तीन महिन्यांची बिले कंपनीकडे अडकली आहेत. पगार आणि वीजबिल द्यायचे कशातून? अशा वेळी उधारीवर आणखी काम घेतले, तर फास घट्टच होतो. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. दाद मागायला सुविधा परिषद आहे. त्यासाठी लागणारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत होते, ती काम घेण्याआधीच करून ठेवावी. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र या तरतुदीचा आधार मिळत नाही.

‘बँकेला कळले तर खाते जप्त होईल’ या भीतीने हप्ता थकल्यावरही लोक तोंड लपवतात. खरे तर हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला, की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते. ती वेळ येण्याआधी बोलण्यातच फायदा असतो. 25 कोटींपर्यंतची कर्जे असलेल्या अडचणीतल्या लघुउद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये कार्यपद्धती आखून दिली. तिच्यानुसार मालक स्वतःहून बँकेकडे अर्ज करू शकतो. बँकेची समिती खाते तपासते. सुधारणा किंवा कर्जाची पुनर्रचना शक्य नसेल, तरच वसुलीचा मार्ग उरतो. अर्जासोबत येणी-देणी आणि पुढच्या काही महिन्यांत येणाऱ्या पैशाचा खरा हिशेब जोडावा, कारण धंदा पुन्हा चालू शकतो का, याचा निवाडा समिती त्यावरूनच करते.