फोटोच्या पाठीवर

चांगला फोटो कसा काढावा हे सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. काढलेला फोटो कुणाला दाखवावा, आणि समोरच्यानं त्याची टिंगल केली तर काय करावं, हे मात्र पुस्तकात सापडत नाही. ते मित्रांत बसूनच शिकावं लागतं. आणि कोल्हापुरात मित्रांत बसायचं म्हणजे थट्टा सोसायची तयारी ठेवूनच बसायचं!

आम्ही पाच जण १९८८ सालापासून दर रविवारी सकाळी रंकाळ्यावर जमत असू. एक शाळामास्तर, एक बँकेतले कारकून, गुजरीतले एक सराफ, एक छापखानेवाले आणि मी. धंदेवाईक फोटोग्राफर एकही नव्हता. मास्तरांकडे बारा फोटोंचा जुना आग्फा क्लिक थ्री, सराफांकडे मिरवण्याजोगा जपानी कॅमेरा, बाकीच्यांकडे हॉटशॉट. स्पर्धेला पाठवावं असं आमच्या हातून क्वचितच काही निघे. तांबट गल्लीतला ठोका, चैत्रात जोतिबावरून गुलालानं माखून परतणारी माणसं, पाणी ओसरल्यावर वर आलेला संध्यामठ, दारातली मांजर, मास्तरांची सायकल, असले साधे फोटो.

नियम एकच होता. प्रत्येकानं आठवड्यातले चार पोस्टकार्ड साइझ फोटो आणायचे. मिसळ खाऊन झाली की हात धुऊन, पुसून, मगच फोटोला हात लावायचा. कारण कटाचा तांबडा डाग फोटोवरून जन्मात निघत नाही. फोटो हातोहात फिरायचा आणि ज्याला जे वाटेल ते त्यानं पेन्सिलीनं फोटोच्या पाठीवर लिहायचं, तारखेसह.

ही पाठ म्हणजे आमची खरी शाळा. फोटो हलला की शेरा ठरलेला: ‘रंकाळ्यावर धुकं पडलंय का मर्दा तुझा हात कापतोय?’ अंबाबाईच्या देवळाचं शिखर चौकटीबाहेर गेलं तर, ‘कळस कुठाय? घरी नेलास व्हय?’ खासबागेतल्या कुस्तीच्या फोटोत एकच पैलवान आला, तर छापखानेवाले गंभीरपणे लिहीत, ‘दुसरा चितपट झाल्यामुळे उपस्थित नाही.’

हसता हसता शिकणं व्हायचं. छत्तीस फोटोंचा रोल विकत घ्यायचा, धुवायचा, छापायचा, म्हणजे बटण दाबण्याआधी खिशाचा विचार यायचा. त्यातून रोल संपेपर्यंत आणि लॅबमधून येईपर्यंत आठ-पंधरा दिवस जात. तोवर आपण काय चुकलो हे आपणच विसरून जायचो. मित्र विसरू देत नसत. ‘कळस कुठाय’ हे एकदा पाठीवर लिहिलं गेलं की पुढच्या खेपेला माणूस दोन पावलं मागे सरकायचाच.

तसं प्रकाशाची वाट पाहणं कोल्हापूरला नवं नाही. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या मूर्तीला भिडतात, तेव्हा सारं गाव श्वास रोखून त्या काही मिनिटांची वाट बघतं. कॅमेराही इथं परका नाही. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर या जोडीनं इथंच स्वदेशी सिनेमा कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी काम पुरं केलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला.

हौशी मंडळींनी एकमेकांना फोटो दाखवण्याची रीत तर त्याहून जुनी. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशानं वैद्य आणि छंदानं छायाचित्रकार, ते तिचे सभासद होते. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ या काळात हौशी छायाचित्रकारांसाठी एक मासिक अल्बम काढला. छापखान्यात फोटो छापण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून त्यात कागदावर उतरवलेले खरे फोटो डकवलेले असत. तेव्हा थट्टा कोणत्या भाषेत चालत असेल कोण जाणे. पण चार हौशी माणसं एका फोटोभोवती जमली की ती काय करतात, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

पावसाळ्यात रंकाळ्यावर बसणं जमेना, की आमची बैठक शुक्रवार पेठेत मास्तरांच्या घरी हलायची. मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, भज्यांचं ताट घेऊन यायच्या आणि उंबऱ्यातूनच फोटोंवर आपलं मत ठोकून परत जायच्या. त्यांचा फोटो मुद्दाम कुणी काढला नाही. त्यांनाही ते आवडत नसे. ‘माझा कसला फोटू काढताय, भजी गार व्हायलीत,’ म्हणायच्या. वहिनी २०११ साली गेल्या.

ऑगस्ट २०१९ चा महापूर कोल्हापूरकरांना सांगायला नको. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. मास्तर आदल्या रात्रीच मुलाकडे गेले होते. फोटोंची ट्रंक मात्र पलंगाखाली राहिली आणि काही दिवस पाण्यात होती. उघडली तेव्हा आत फोटो नव्हते, चिखलात थापलेली एक वीट होती.

ज्यांच्या घरी असं होईल त्यांच्यासाठी इथं थोडं सांगतो. भिजलेले फोटो ओढून सुटे करू नयेत आणि चिकटलेल्या अवस्थेत वाळवूही नयेत. फोटोच्या चेहऱ्यावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यात फुगून मऊ होतो आणि चिकटल्या जागी वाळला की कायमचा बसतो. गठ्ठा स्वच्छ थंड पाण्यात ठेवावा, सुटतील तसे एकेक हलक्या हातानं वेगळे करावेत आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. चित्राला बोट लावू नये. पाण्यातही दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. आम्ही चौघांनी परातीत पाणी घेऊन हे केलं. थोडे फोटो वाचले. लग्नाचा अल्बम वाचला नाही. वहिनींचा एकही फोटो वाचला नाही.

मग प्रत्येकानं आपापल्या घरची खोकी उपसली. बैठकीत आवडलेला फोटो ज्याचा त्याला परत न करता कुणीतरी घरी न्यायचं, ही आमची जुनी खोड. त्यामुळे मास्तरांचे फोटो सराफांकडे, सराफांचे माझ्याकडे, असे चार पेठांत पसरले होते. दिवाळीपर्यंत चाळीसेक फोटो गोळा झाले. त्यात बँकवाल्यांचा एक होता, १९९३ च्या पावसाळ्यातला. चौकटीचा तिसरा हिस्सा त्यांच्याच बोटानं झाकलेला. मागे उंबऱ्यात ताट धरून वहिनी खळखळून हसतायत. आम्ही तेव्हा त्या फोटोची यथेच्छ टर उडवली होती. पाठीवर छापखानेवाल्यांचं अक्षर: ‘बँकेनं फोटोवरही अंगठा उठवला!’ खाली सराफांचं: ‘सही बाकी.’

मास्तरांनी तो घेतला. आधी उलटा करून पाठ वाचली. मग चित्र बघितलं, बराच वेळ. म्हणाले, ‘बँकवाले, अंगठा जरा बाजूला घेतला असतास, तर दुसरा हातबी दिसला असता.’

यावर शेरा मारायला कुणी पुढं आलं नाही.

आताच्या मुलांना नावं ठेवायला मी हे सांगत नाही. परवाच रंकाळ्याच्या कट्ट्यावर दोन मुली एका फोनवर डोकी जुळवून फोटो बघत होत्या आणि एकमेकींची जी खिल्ली उडवत होत्या, ती आमच्या थट्टेहून तसूभरही कमी नव्हती. हसू तेच आहे. फक्त फोनमधल्या फोटोला पाठ नाही. व्हॉट्सअॅपवर तो नेहमीसारखा धाडला तर लहान होऊन पोचतो, कधी आणि कुठं काढला ही नोंद वाटेतच गळते, आणि शेकडो ‘शुभ सकाळ’खाली तो दबून जातो. फोन पाण्यात पडला तर परातीचा उपाय तिथं चालत नाही.

म्हणून एवढंच सुचवावंसं वाटतं. महिन्यातून चार फोटो निवडावेत. चांगलेच असले पाहिजेत असं नाही. घरातलं माणूस सहज हसताना कोपऱ्यात आलं असेल तो आधी घ्यावा. कागदावर छापावेत. मागे कोण, कुठं, कधी हे मऊ पेन्सिलीनं लिहावं. बॉलपेनानं दाबून नको, पुढं वळ उठतात. एक प्रत आपल्याकडे ठेवावी आणि एक मित्राच्या घरी द्यावी. नदीकाठी राहत असाल तर उंचावरच्या पेठेतल्या मित्राला. आणि लिहिताना पाठ सगळी भरून टाकू नये. मित्रांना शेरे मारायला खाली जागा सोडावी.