‘पण बाई, हे करतं काय?’

डिसेंबरात मोशीच्या प्रदर्शन केंद्रात ‘किसान’ कृषी प्रदर्शन भरतं. गावोगावहून लोक गाड्या करून येतात. ट्रॅक्टर आणि ठिबकच्या मोठ्या स्टॉल्सबरोबर तिथं नवउद्योजकांचे छोटे स्टॉलही असतात. अशाच एका स्टॉलवर मी थांबले होते. माझ्यापुढं जुन्नरकडच्या एक मावशी होत्या.

स्टॉलवरची मुलगी हुशार, चटपटीत. म्हणाली, ‘‘हे आमचं आयओटी बेस्ड स्मार्ट इरिगेशन सोल्युशन आहे.’’ पुढं सेन्सर, क्लाउड, ॲप सगळं सांगून झालं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ते समदं खरं. पण बाई, हे करतं काय?’’

मुलगी गडबडली. मग क्षणभर थांबून म्हणाली, ‘‘मावशी, रात्री शेतातली लाईट आली की हे मोबाईलवर कळवतं. घरातूनच बटण दाबायचं, विहिरीवरची मोटर चालू!’’

मावशींचा चेहराच बदलला. त्यांच्या भागात बिबट्याचा वावर. रात्री मुलगा मोटर चालू करायला गेला की तो परत येईपर्यंत यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. ‘‘म्हंजी पोराला रात्रीचं जायला नको?’’ असं म्हणत त्या खुर्ची ओढून बसल्याच. पुढचा प्रश्न अर्थातच, ‘‘केवढ्याला?’’

यंत्र तेच होतं, सांगणं तेवढं बदललं होतं.

मैत्रिणींनो, आपण खूप मेहनतीनं एखादी वस्तू बनवतो. त्यामुळे ती कशी बनवली, हेच आधी सांगावंसं वाटतं. समोरच्या बाईला मात्र तिच्या अडचणीचं उत्तर हवं असतं. कल्याणी शिंदे यांचंच उदाहरण घ्या. कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या लासलगावच्या या इंजिनिअर तरुणीनं ‘गोदाम इनोव्हेशन्स’ सुरू केलं. चाळीतला कांदा आतून सडायला लागला तरी बाहेरून कळत नाही; वास सुटेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. त्यांचं यंत्र साठवणीतली हवा, ओलावा तपासतं. तांत्रिक भाषेत यावर तासभर बोलता येईल. पण ‘चाळीत कांदा सडायला लागला की हे वेळेत सांगतं’ एवढं म्हटलं, तरी चाकणच्या बाजारात कांदा नेणाऱ्या कुठल्याही घरात ते लगेच समजेल.

मग सांगायचं कसं? आधी हे कुणासाठी आहे ते सांगा. मग त्यांचा कोणता त्रास वाचतो ते, मग वस्तू नेमकं काय करते ते आणि शेवटी किंमत. चार छोटी वाक्यं पुरेत. बॅनरवर कंपनीच्या नावाखाली यातलं मुख्य वाक्य मोठ्या अक्षरात लिहा. शक्य असेल तर वस्तू चालवूनच दाखवा. आणि जे होत नाही तेही सांगा. मोबाईलला रेंज नसेल तर निरोप येणार नाही, हे घेणारीला आधीच कळलं तर तिचा विश्वास वाढतो. नंतर कळलं तर ती चार जणींना सांगते!

प्रदर्शनाला जाण्याआधी एक सोपी परीक्षा घ्या. शेजारच्या काकूंना तुमची वस्तू समजावून सांगा. ‘‘कळलं का?’’ असं विचारू नका, कारण संकोचानं कुणीही ‘हो’ म्हणतं. त्याऐवजी, ‘‘काकू, हे तुमच्या जावेला कसं सांगाल?’’ असं विचारा. त्या अडखळल्या, तर आपलंच वाक्य बदलायचं. कित्येकदा त्यांच्या तोंडून आलेलं वाक्य आपल्यापेक्षा सरस असतं. ते खुशाल उचला!

स्टार्टअप असो की घरगुती मसाल्यांचा व्यवसाय, बँकेत कर्ज मागताना, सरकारी योजनेचा अर्ज भरताना हाच प्रश्न समोर येतो. तो विचारणारीला अडाणी समजू नका. त्या दिवशी मावशींनी न विचारता मान डोलावली असती, तर त्या तशाच पुढच्या स्टॉलवर गेल्या असत्या आणि मुलगा रात्री विहिरीवर जातच राहिला असता.