दातांच्या तारा आणि नळावरची पाच मिनिटे



या अंकात परीक्षेविषयी लिहायचे ठरवले होते, पण विषय बदलला. त्याचे कारण आधी सांगते.

मागच्या सत्रात दहावीतल्या एका विद्यार्थ्याची आई मला भेटायला आली. मुलाच्या दातांना दोन वर्षे तारा होत्या, त्या नुकत्याच निघाल्या होत्या. मी म्हणाले, "अभिनंदन! पेढे कुठे आहेत?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, दात सरळ झाले, पण पुढच्या चार दातांवर पांढरे डाग पडले. डॉक्टर म्हणाले, तारांभोवती घाण साचून राहिली म्हणून. तो दुपारी दात घासतच नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, शाळेत घासू देत नाहीत."

मला एकदम आठवले. वर्षभरापूर्वी मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेल्यावर हाच मुलगा हातात ब्रश घेऊन नळापाशी उभा होता आणि मी त्याला सर्वांसमोर रागावले होते. "हे काय दात घासायचं ठिकाण आहे? सकाळी घरी काय करतोस?" असे माझे शब्द होते. त्यानंतर त्याने शाळेत ब्रश आणला नाही. चूक माझी होती आणि ती अज्ञानातून झाली होती. म्हणून शहरातील दंतवैद्यांना भेटून, विचारून, वाचून जे समजले ते आपल्यापुढे ठेवते. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे भाषेत काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

तारा काय करतात?

दात हा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा हाडात घट्ट रुतलेला असतो, असे आपल्याला वाटते. तसे नसते. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो. तार दातावर हलका पण सततचा दाब देते. ज्या बाजूला दात ढकलला जातो तिकडचे हाड हळूहळू विरघळते आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवे हाड तयार होते. हा वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणूनच उपचाराला बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात आणि दर चार ते आठ आठवड्यांनी डॉक्टरकडे जावे लागते. एकदा जाणे चुकले की तेवढा उपचार लांबतो.

हे सर्व जिवंत हाडात आणि हिरडीत घडते. हिरडी सुजलेली, रक्ताळलेली असेल तर हे काम नीट होत नाही. स्वच्छता फारच वाईट असेल, तर डॉक्टर उपचार मध्येच थांबवतात किंवा तारा काढूनही टाकतात.

डाग का पडतात?

प्रत्येक दातावर एक छोटी चौकोनी पट्टी चिकटवलेली असते, तिला ब्रॅकेट म्हणतात. त्यातून तार जाते. एरवी जीभ, गाल आणि लाळ दात थोडेफार साफ करत असतात. ब्रॅकेटच्या कोपऱ्यांत मात्र त्यांचा इलाज चालत नाही. तिथे अन्नाचे कण अडकतात आणि जंतूंचा चिकट थर जमतो. हे जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात. दातावर आम्लता वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातले, म्हणजे एनॅमलमधले, क्षार बाहेर पडू लागतात. आधी खडूसारखा पांढरा डाग दिसतो, पुढे तिथेच कीड लागते. स्वच्छता नसेल तर असे डाग महिन्याभरातही दिसू लागतात. तारा असेपर्यंत ते झाकलेले राहतात आणि तारा निघाल्यावर उघडे पडतात. काही डाग लाळेने व फ्लोराइडने फिके होतात, काही कायमचे राहतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे अधिक महत्त्वाचे आहे. एकदा गोड खाल्ल्यावर तोंडातली आम्लता पूर्ववत व्हायला अर्धा तास ते तासभर लागतो. जेवणाबरोबर एक जिलेबी खाल्ली तर दातांवर एकदाच हल्ला होतो. खिशातली गोळी दिवसभर चघळली तर हल्ला दिवसभर चालतो.

दात कसे घासावे?

१) मऊ केसांचा ब्रश घ्यावा. तारांमुळे त्याचे केस लवकर फाकतात, त्यामुळे तीन महिन्यांची वाट न पाहता बदलावा.

२) आधी पाण्याने खळखळून चूळ भरावी, म्हणजे मोठे कण निघून जातात.

३) ब्रश तिरका धरून तारेच्या वरून, मग खालून आणि हिरडीच्या कडेने हलक्या हाताने घासावे. दातांची आतली बाजू आणि दाढा विसरू नयेत. एकूण चार-पाच मिनिटे लागतात.

४) तारेखालून आणि दोन दातांच्या फटीतून जाणारा बारीक ब्रश औषधांच्या दुकानात मिळतो. बाटली धुण्याच्या ब्रशचे ते छोटे रूप समजा. रात्री तो जरूर वापरावा.

५) प्रत्येक खाण्यानंतर घासणे उत्तम. ते जमलेच नाही तर निदान चूळ भरावी. रात्रीचे घासणे मात्र कधीही चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

६) शेवटी आरशात पाहावे. ब्रॅकेटच्या कडा स्पष्ट दिसल्या म्हणजे काम झाले.

घासताना हिरडीतून रक्त आले तर मुले घाबरून तिथे घासणे बंद करतात. करायचे असते नेमके उलट. रक्त बहुधा साचलेल्या थरामुळे येते, तो निघाला की काही दिवसांत थांबते. तसे न झाल्यास डॉक्टरांना दाखवावे.

काही पालकांनी विचारले, "फ्लोराइड वाईट ना? झाबुआ, धारकडे पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दात खराब होतात." शंका बरोबर आहे. पण ते नुकसान जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्याने होते. पेस्ट आपण थुंकून टाकतो आणि तिच्यातले फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागाला बळकटी देते. जिथे पाण्यात आधीच फ्लोराइड जास्त आहे, तेथील पालकांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

डब्यात काय द्यावे?

इंदूरकरांना हा भाग सर्वांत कठीण! शेव, कडक कचोरी, गजक, चिक्की, कुरकुरीत गराडू, ऊस, बर्फाचे खडे, कडक चकली आणि च्युइंगम, एवढ्यांना तारा निघेपर्यंत नमस्कार करावा. कडक वस्तूने ब्रॅकेट निघते, चिकट वस्तू तारेत अडकून बसते. संक्रांतीला कडक तिळाच्या वडीऐवजी मऊ लाडू करावा. जाम, म्हणजे पेरू, आणि सफरचंद अख्खे दाताने तोडू नये, पातळ फोडी करून खावे. भुट्टा दाताने ओरबाडणे बंद, पण भुट्ट्याचा कीस तर जणू तारा लावलेल्यांसाठीच बनला आहे. पोहे चालतील, फक्त वरची शेव दुसऱ्याला द्या. उपासाच्या खिचडीत दाण्याचे कूट बारीक असू द्या.

तार घट्ट केल्यावर तीन-चार दिवस दात दुखतात. तेव्हा वरण-भात, दलिया, मऊ खिचडी किंवा वरणात कुस्करलेली पोळी द्यावी. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

अडचण आली तर

तार गालाला टोचत असेल तर डॉक्टरांनी दिलेले मेण तिथे लावावे. तार घरी पकडीने कापू नये. तोंडात चट्टे आले तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भराव्या. ब्रॅकेट निघाले तर ते जपून ठेवून डॉक्टरांना कळवावे. चुकून गिळले गेले तर बहुधा ते आपोआप बाहेर पडते, पण ठसका थांबत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर तत्काळ इस्पितळ गाठावे. क्रिकेट, कबड्डी खेळणाऱ्यांनी तोंडात घालायच्या संरक्षक कवचाविषयी डॉक्टरांना विचारावे.

तारा निघाल्या म्हणजे सुटका झाली, असेही नाही. नवे हाड आणि तंतू स्थिर होईपर्यंत दात जुन्या जागी परत जाऊ पाहतात, म्हणून रिटेनर वापरावा लागतो. तो गरम पाण्याने धुऊ नये, वाकडा होतो. जेवताना काढून कागदी रुमालात गुंडाळून ठेवला तर कचऱ्याबरोबर जातो. त्यासाठी डबी ठेवावी.

आता आपण काय करायचे?

या उपचाराला पालकांच्या कष्टाचे पैसे लागतात. खर्च जड वाटत असेल तर शासकीय दंत महाविद्यालयात अवश्य चौकशी करावी. पण इतके करूनही शाळेच्या एका चुकीच्या शिस्तीमुळे उपचार बिघडावा, हे मला मान्य नाही. म्हणून पुढील महिन्यापासून तारा लावलेल्या मुला-मुलींना मधल्या सुट्टीनंतर नळावर पाच मिनिटे जास्त मिळतील. चिठ्ठी लागणार नाही. वर्गशिक्षकांना तशी सूचना दिली आहे. विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे, की नळांपाशी एक मोठा आरसा आणि दोन वाढीव तोट्या लावून द्याव्यात. मोठा खर्च नाही.

मुलांनो, तारा लावलेल्या मित्राला चिडवू नका. तो तोंड मिटून बसला तर चूकही मिटवून घेतो आणि मग शिकत नाही.

त्या विद्यार्थ्याची मी वर्गासमोर क्षमा मागितली, कारण रागावलेही सर्वांसमोरच होते. तो हसला. डाग दिसले, पण यावेळी त्याने तोंडावर हात ठेवला नाही.

आपली,
प्राचार्या