मेल आउटबॉक्समध्ये का अडकते?

नागापूर एमआयडीसीतल्या कारखान्याचं कोटेशन असो, राहुरीच्या कृषी विद्यापीठातला अहवाल असो किंवा सावेडीतल्या सीएकडची जीएसटीची कागदपत्रं, आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये ‘सेंड’ दाबल्यावर पट्टी सरकते आणि मध्येच थबकते, हा अनुभव अहिल्यानगरच्या कोणत्याही कार्यालयाला नवा नाही. ‘हँग झालं’ म्हणत कुणी कॉम्प्युटर बंद करून चालू करतं, कुणी प्रोग्रॅमच काढून पुन्हा टाकतं. ही मेहनत बहुधा वाया जाते. प्रोग्रॅम बिघडलेला नसतो, तो उत्तराची वाट पाहत असतो.

मेल पाठवण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये लिहिले. त्यानुसार मेल पाठवणं म्हणजे एक संवाद असतो. आधी नमस्कार, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, मजकूर आणि शेवटी स्वतंत्र ओळीवर एक टिंब. प्रत्येक टप्प्यावर सर्व्हरचा होकार यावा लागतो. शेवटच्या टिंबानंतर तर दहा मिनिटांपर्यंत थांबावं, असं नियमावलीच सांगते. म्हणून खरा प्रश्न एकच: संवाद नेमका कुठे थांबला?

नमस्कारापाशीच थांबला असेल, तर सेटिंगमधला पोर्ट क्रमांक तपासावा. 465 क्रमांकावर पहिल्या क्षणापासून सगळं कूटबद्ध असतं. 587 वर साधा नमस्कार होतो, कूटबद्धता नंतर सुरू होते. 465 निवडून बाकी सेटिंग मात्र 587 ची ठेवली, की आधी दुसऱ्यानं बोलावं म्हणून दोन्ही बाजू गप्प बसतात.

सर्वांत चकवणारा प्रकार वेगळाच. दोन ओळींची मेल जाते, पीडीएफ जोडली की अडकते. इंटरनेटवर माहिती पाकिटांतून जाते आणि एका पाकिटाची नेहमीची कमाल मर्यादा 1500 बाइट असते. युजरनेम-पासवर्ड घालून जोडल्या जाणाऱ्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत त्यातले 8 बाइट खर्ची पडतात, उरतात 1492. पाकीट मोठं झालं, तर वाटेतल्या राउटरनं ‘लहान करा’ असा निरोप परत पाठवायचा असतो. पण काही फायरवॉल सुरक्षेच्या नावाखाली हे निरोपच अडवतात. मग नमस्कार आणि पासवर्ड लहान असल्यानं सुखरूप जातात, मजकुराची भरलेली पाकिटं मात्र हरवतात. कॉम्प्युटर तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. तंत्रज्ञ याला ‘ब्लॅक होल’ म्हणतात. कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावा. तिथून मेल गेली, तर संशय कार्यालयाच्या जोडणीवर घ्यावा आणि राउटरमधला ‘एमटीयू’, म्हणजे पाकिटाची कमाल मर्यादा, 1492 किंवा त्याहून कमी करून पाहावा.

कधी दोष कुणाचाच नसतो. जोडलेली फाइल अक्षरांत रूपांतरित होताना सुमारे एक-तृतीयांशानं फुगते. 15 एमबीची फाइल 20 एमबीची होते. अपलोडचा वेग 1 एमबीपीएस असेल, तर तिला जवळपास पावणेतीन मिनिटं लागणारच. अँटिव्हायरस मेल तपासत असेल, तर पट्टी झटकन पूर्ण होते आणि मग तिथेच थबकते, कारण मेल अजून त्याच्याच हातात असते.

आणखी एक काळजी घ्यावी. शेवटच्या टिंबानंतर केवळ पोच हरवली असेल, तर मेल पोहोचलेलीही असू शकते. प्रोग्रॅमला ते कळत नाही. तो तीच मेल पुन्हा पाठवतो आणि समोरच्याकडे एकच बिल चार वेळा जाऊन पडतं. म्हणून पुन्हा ‘सेंड’ दाबण्याआधी एक फोन करून मेल मिळाली का, ते विचारावं.