पाण्यातली हिरवळ

अंतर जेमतेम 137 यार्ड. सराव असलेला हौशी खेळाडूही एका फटक्यात गाठेल एवढंच. तरीही फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास या गोल्फच्या मैदानाच्या सतराव्या होलपाशी भल्याभल्यांचे हात थरथरतात. चेंडू जिथे उतरवायचा, ती हिरवळ जवळजवळ चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली आहे. तिच्यावर जायला एक चिंचोळी वाट तेवढी आहे.

हे बेट मूळ आराखड्यात नव्हतंच. मैदान बांधताना इथून वाळू उपसली गेली आणि मोठा खड्डा उरला. त्यात पाणी सोडून बेट करण्याची कल्पना रचनाकार पीट डाय यांना त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी सुचवली. 1980 साली मैदान खुलं झालं. 1982पासून प्लेअर्स चॅम्पियनशिप ही व्यावसायिक गोल्फपटूंची स्पर्धा इथेच रंगते.

इथल्या रिसॉर्टच्या पाहुण्यांनाही शुल्क भरून याच मैदानावर खेळता येतं. त्यांनी पुढची टी, म्हणजे हिरवळीच्या जवळची फटका मारण्याची जागा, निवडावी, वाऱ्याचा अंदाज घ्यावा आणि झेंड्याच्या मोहात न पडता हिरवळीचा मध्य साधावा. चेंडू बुडालाच, तर एका फटक्याचा दंड घेऊन ड्रॉप झोनमधून, म्हणजे त्यासाठी ठरवून दिलेल्या जागेवरून, पुन्हा खेळावं.

त्यात कमीपणा नाही. तीन फटक्यांचं हे होल पुरं करायला 2005च्या स्पर्धेत बॉब ट्वे या नामवंत व्यावसायिकाला 12 फटके लागले होते.