आपत्कालीन संचातील चाकू

भूकंप, पूर, वादळ यांसारख्या आपत्तीत बाहेरची मदत पोहोचेपर्यंतच्या काळासाठी घरात तयार ठेवावयाच्या साहित्यसंचातील लहान, बहुधा घडीचा चाकू. पाते मुठीच्या खाचेत मिटत असल्यामुळे हा चाकू म्यानाशिवाय खिशात, पिशवीत वा डब्यात निर्धोकपणे ठेवता येतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने भूकंपाच्या पूर्वतयारीसाठी सुचविलेल्या कौटुंबिक संचात विजेरी, रेडिओ, प्रथमोपचार पेटी, कोरडे अन्न, पाणी, काडेपेटी, क्लोरिनाच्या गोळ्या, जाड दोर व मजबूत पादत्राणे यांबरोबर चाकूचाही समावेश आहे.

पार्श्वभूमी : मराठवाड्यात अशा संचाचा विचार प्रामुख्याने किल्लारीच्या भूकंपानंतर पुढे आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या ६·२ महत्तेच्या या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे उद्ध्वस्त झाली. मृतांची संख्या निरनिराळ्या अहवालांत सु. ८,००० ते १०,००० अशी दिली आहे. दख्खनच्या पठाराचा हा भाग तोवर भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजला जात असे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचे थर घातलेली वजनदार माळवदे ही तेथील घरांची नेहमीची रचना होती. भिंती फाकून माळवदे खाली आल्याने झोपेतील माणसे दगडमातीखाली गाडली गेली. नांदेड शहरात २००७ च्या सुमारास सौम्य धक्क्यांची मालिका जाणवली. मार्च २०२४ मधील हिंगोली जिल्ह्यातील ४·५ महत्तेचा धक्काही तेथे जाणवला. गोदावरीकाठच्या नांदेडला पुराचा धोका कायमचा असून ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टीमुळे गावांत पाणी शिरले.

विळा, खुरपे, कोयता, कुऱ्हाड ही हत्यारे शेतकऱ्याच्या घरात आणि विळी जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघरात असते. तथापि घर कोसळल्यास तीही ढिगाऱ्याखाली जातात, तर पुरात घर सोडताना उघड्या पात्याचे हत्यार मुलाबाळांसह नेणे धोक्याचे ठरते. वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या घडीच्या चाकूची उपयुक्तता यातून येते.

उपयोग व मर्यादा : दोरी, सुतळी, नवार, मच्छरदाणी व अडकलेले कपडे कापणे, मदतीची पोती व पाकिटे उघडणे, धोतर वा लुगडे फाडण्यासाठी काप देऊन पट्ट्या व झोळी तयार करणे, जखमीचा कपडा कापून जखम उघडी करणे ही या चाकूची मुख्य कामे होत. पुराच्या वेळी गोठ्यातील जनावरांची दावी तत्काळ कापणे हे ग्रामीण भागातील एक महत्त्वाचे काम होय. ताणलेल्या व भिजलेल्या दाव्याची गाठ सुटत नाही आणि बांधलेले जनावर जागीच बुडते.

चाकूने ढिगारा उपसता येत नाही. त्यासाठी पहार, टिकाव, फावडे, घमेले व दोर लागतात; ही साधने गावात सामाईक रीत्या ठेवणे अधिक उपयुक्त ठरते. पात्याचा पहारेसारखा उपयोग केल्यास ते मोडते व तुकडा उडून इजा होते. सर्पदंशावर काप देण्यासाठी चाकू कधीही वापरू नये. पुराच्या वेळी बिळांतून बाहेर पडलेल्या सापांमुळे दंशाचा धोका वाढतो आणि दंशाच्या जागी चिरा पाडून रक्त काढण्याची जुनी समजूत अद्याप आढळते. विष अशा रीतीने बाहेर पडत नाही. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडत असल्यामुळे असा काप जीवघेणा ठरू शकतो. दंश झालेला अवयव न हलविता व करकचून न बांधता रुग्णाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे हाच योग्य उपाय होय.

इतिहास : घडीचा चाकू प्राचीन आहे. ऑस्ट्रियातील हॉलश्टाट येथे इ. स. पू. सहाव्या शतकाच्या सुमाराचा, हाडाच्या मुठीचा असा चाकू सापडला असून रोमन काळातील नमुनेही उपलब्ध आहेत. फ्रान्समधील सव्हॉय प्रदेशात झोझेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा, स्वस्त चाकू तयार केला. उघडे पाते जागी धरणारे फिरते कडे त्याला १९५५ मध्ये जोडण्यात आले. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनर यांनी १८९१ मध्ये सैनिकांसाठी पाते, टोचा, डबा उघडण्याचे साधन व पेचकस असलेला चाकू पुरविला. बहुउपयोगी चाकूंचा प्रसार यानंतर झाला.

रचना व निवड : पाते, मूठ, दोहोंना जोडणारी खीळ आणि पात्यावर दाब देणारी कमान हे या चाकूचे मुख्य भाग होत. निवड करताना पुढील गोष्टी पाहतात.

(१) आकारमान : ६ ते ९ सेंमी. लांबीचे पाते व सु. ५० ते १०० ग्रॅ. वजन पुरेसे असते. याहून लहान पात्याने जाड दोर कापणे कठीण जाते. (२) धातू : कार्बनी पोलादाला धार लवकर लागते, परंतु ते गंजते. संच वर्षानुवर्षे न उघडता पडून राहण्याचा संभव असल्यामुळे क्रोमियमयुक्त अगंज पोलाद श्रेयस्कर. पाते फार कठीण असल्यास ठिसूळ होते व साध्या दगडावर धार लागत नाही. फार मऊ असल्यास धार टिकत नाही. (३) अटक : केवळ कमानीच्या दाबाने उघडे राहणारे पाते जोर लावताना बोटांवर मिटण्याची भीती असते, म्हणून पाते पूर्ण उघडल्यावर पक्के अडकणारा चाकू घ्यावा. अटक अंधारात, ओल्या हाताने सोडता आली पाहिजे. (४) धार व टोक : साधी धार सर्व कामांना चालते व घरी लावता येते. नायलॉनचा दोर दातेरी धारेने लवकर कापला जातो, मात्र तिला पुन्हा धार लावणे अवघड असते. शरीरालगतचे कपडे कापण्यास बोथट टोक सुरक्षित. (५) मूठ : ती खरबरीत व तांबड्या किंवा पिवळ्या रंगाची असावी, म्हणजे चिखलात व अंधुक उजेडात दिसते. मुठीला गोफ ओवण्यासाठी छिद्र असावे. (६) जोडसाधने : डबा उघडण्याचे साधन, पेचकस व लहान कात्री उपयोगी पडतात; साधनांची संख्या वाढेल तशी मूठ जाड व पकड गैरसोयीची होते.

कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत २२·८६ सेंमी.हून (९ इंच) लांब किंवा ५·०८ सेंमी.हून (२ इंच) रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा समावेश होतो. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगासाठी बनविलेली हत्यारे त्यांतून वगळली आहेत. संचातील चाकू या मापांच्या पुष्कळच आत असतो. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये मनाई आदेश जारी असताना सार्वजनिक जागी चाकू बाळगण्यास बंदी असू शकते. विमानप्रवासात तो हातातील सामानात नेता येत नाही. नांदेड येथील तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमुळे या भागात परिचित असलेले कृपाण हे शीख धर्माचे चिन्ह असून ते धारण करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये स्पष्टपणे मान्य केला आहे. खिशातील चाकूला तो लागू नाही.

निगा : संच मुलांच्या हाती लागणार नाही, परंतु मोठ्यांना अंधारातही सापडेल अशा दाराजवळच्या जागी ठेवतात. मातीच्या भिंतींच्या घरात तो अंगणातील वेगळ्या पडवीत ठेवणे अधिक चांगले. काळ्या मातीची बारीक धूळ खिळीपाशी साचून पाते अडकते. ती पुसून यंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खाद्यतेल कालांतराने चिकट होते. मृग नक्षत्रापूर्वी शेतीची अवजारे नीट केली जातात आणि खंडेनवमीला ती स्वच्छ करून पुजली जातात. या दोन्ही वेळी संचातील चाकू उघडून पाहिल्यास व त्याबरोबर पाणी, औषधे आणि विजेरीच्या बॅटऱ्या बदलल्यास संच पावसाळ्यापूर्वी व नंतर वापरण्याजोगा राहतो.