अग्निशेष

अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्यांत टल्सा नांवाचें शहर आहे. तेथें कृष्णवर्णीयांस गोऱ्यांच्या वस्तींत थारा नसे. म्हणून त्यांनीं ग्रीनवुड या आपल्या भागांतच हॉटेलें, चित्रगृह, वृत्तपत्र, दवाखाने असा सारा संसार उभारला होता. ३० मे १९२१ रोजीं लिफ्टमध्यें एका गोऱ्या मुलीच्या अंगावर गेल्याचा आळ बूट-पॉलिश करणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणावर आला. दुसऱ्या दिवशीं गोऱ्यांचा जमाव न्यायकचेरीपुढें जमला. तरुणास जमावानें फांशीं देऊं नये म्हणून कांहीं कृष्णवर्णीय पुरुष बंदुका घेऊन आले. झटापटींत गोळी सुटली, आणि १ जूनच्या दुपारपर्यंत ग्रीनवुड बेचिराख झालें. जळालेलीं घरें रेडक्रॉसनें मोजलीं तीं १,२५६. मृतांचा तेव्हांचा सरकारी आंकडा ३६. इतिहासकार तो ३०० पर्यंत नेतात. तरुणावरील खटला पुढें काढून टाकण्यांत आला.

परंतु आग विझल्यावर जें झालें तें मला अधिक भयंकर वाटतें. विम्याच्या करारांत दंगलीनें झालेलें नुकसान वगळलेलें असे. झाल्या प्रकारास ‘दंगल’ हें नांव पडलें, गोऱ्या ज्यूरीनें तिचा दोष कृष्णवर्णीयांवरच ठेवला, आणि कंपन्या मोकळ्या झाल्या. शब्दांचा कीस काढण्याची आम्हां मास्तरांस खोड असते खरी. पण येथें एका शब्दापायीं शेंकडों कुटुंबें उघड्यावर पडलीं. नगरपालिकेकडे १८ लाख डॉलरांच्या मागण्या गेल्या. मान्य झाली ती एकटी, बंदुका लुटल्या गेलेल्या एका गोऱ्या दुकानदाराची! शिवाय आठवड्याभरांतच ठराव झाला कीं, नवीं घरें न जळणाऱ्या साहित्याचीं बांधावींत. तें कोणास परवडावें? बी. सी. फ्रँकलिन या कृष्णवर्णीय वकिलानें तंबूंत कचेरी थाटून तो ठराव न्यायालयांत रद्द करविला. मग लोकांनीं पदरच्या पैशानें पुन्हां घरें उठविलीं. पुढें १९६० नंतर त्याच वस्तीच्या पोटांतून महामार्ग काढण्यांत आला, आणि मोठ्या कष्टानें सांवरलेला भाग पुनः फुटला.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस आजोबांच्या घराचें मोल सांगावयास नको. अडीनडीस तेंच तारण, नातवाच्या शिक्षणास तेंच भांडवल. तें एका पिढीनें गमावलें कीं पुढच्या तीन पिढ्या भाड्याच्या खोलींत राहतात. अग्नीचा आणि ऋणाचा शेष राखूं नये असें आपल्या नीतिकारांनीं बजावलें आहे. ग्रीनवुडांत दोन्ही शेष उरले.

वर मौन. स्थानिक वृत्तपत्राच्या जतन केलेल्या अंकांतून त्या दिवसाचा प्रक्षोभक मजकूर फाडलेला आढळला. २००१ सालीं राज्याच्या चौकशी मंडळानें भरपाईची शिफारस केली. पण त्या रात्रीं सहा-सात वर्षांच्या असलेल्या, पुढें शंभरी ओलांडलेल्या दोन वृद्धांचा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें जून २०२४ मध्यें फेटाळला. २०२५ सालीं महापौरांनीं १०.५ कोटी डॉलरांच्या खासगी निधीची योजना जाहीर केली. वाचलेल्यांस रोख भरपाई मात्र तींत नव्हती.

ओकलॉन दफनभूमींतील निनांवी थडग्यांतून काढलेल्या एका मृताची ओळख जुलै २०२४ मध्यें पटली. सी. एल. डॅनियल, पहिल्या महायुद्धाच्या वेळचा सैनिक. त्याच्या आईच्या वतीनें एका वकिलानें १९३६ सालीं सरकारकडे अर्थसाह्य मागितलें होतें. तें पत्र दप्तरांत सांपडलें. मुलगा १९२१ मध्यें टल्सा येथें मारला गेला, असें त्यांत लिहिलें होतें.